चार बोटांची जागा

खंडारेबाबूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि डाव्या हातानं त्यांनी स्वतःचाच उजवा खांदा असा घट्ट धरला होता, जणू चोर पकडलाय. मी रुजू होण्याचा कागद घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभा होतो.

"नमस्कार. मी नवीन..."

"थांब," डोळे न उघडता ते म्हणाले. "आत्ता कुठी हाती लागलं हाय. सोडलं का पयते."

काय हाती लागलं आणि काय पळतं, मला काही कळेना. खोलीत आणखी दोन माणसं होती, त्यांना यात काहीच नवल वाटत नव्हतं. मिनिटभरानं खांदा सुटला. मान सावकाश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरली. मग डोळे उघडले आणि त्यांनी आधी पाहिलं ते माझ्या खांद्यांकडे.

"हे कानाले काऊन चिकटवले बे? खाली घे. मंग सही कर."

सरकारी नोकरीत मला मिळालेला हा पहिला तोंडी आदेश. तो मी अजून पाळतो.

तालुक्याच्या गावातलं आमचं ते कार्यालय. नाव सांगत नाही. अशी सगळी कार्यालयं आतून सारखीच असतात. जमिनींच्या जुन्या नोंदी आमच्याकडे. लोक येतात, आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शेताची नक्कल मागतात. मग मांडणीवरून लाल कापडात बांधलेला वह्यांचा गठ्ठा उतरवायचा, त्याला आम्ही बस्ता म्हणतो. वही शोधायची, वाकून ओळीमागून ओळ उतरवायची आणि पुन्हा वाकून ताडून पाहायची. वह्या जाडजूड, अक्षर मुंगीएवढं. संध्याकाळपर्यंत मानेची फळी होते. सुखदेव खंडारे या नकलांच्या टेबलाचे प्रमुख होते. ठेंगणे, सावळे, केसांना तेल, खिशात दोन पेनं, आणि हाताचे अंगठे अंगाच्या मानानं फार मोठे. रोज अमडापूरहून एसटीनं येत आणि एसटीतही, म्हणे, पुढच्या सीटच्या दांड्यावर मनगटं घोळवत येत.

त्यांच्या टेबलावर एक रूळ होता. पूर्वी वह्यांत रेघा मारायला गोल लाकडी रूळ असत, त्यातला. रेघा छापून यायला लागल्या आणि बाकीचे रूळ कुठे गेले देव जाणे. बाबूंनी आपला रूळ मात्र दुसऱ्या कामाला लावला. टेबलाखाली चप्पल काढून ते तो तळपायाखाली फिरवत. लिहून हात भरून आला की बाही वर करून कोपरापासून मनगटापर्यंत लाटत. साडेअकराला, दोनला आणि चारला ते रूळ टेबलावर दोनदा आपटत आणि जाहीर करत, "चला. हात आपला, खांदा आपला. अर्ज कोनाले कराचा?"

की आम्ही सगळ्यांनी हातातलं काम ठेवून आपापला खांदा धरायचा. मानेच्या मुळाशी जो गोळा असतो तो विरुद्ध हातानं पकडायचा, धरून ठेवायचा, तीन श्वास घ्यायचे आणि मान हळूच पलीकडे झुकवायची. मी सुरुवातीला जोर लावत असे. पुस्तकं वाचून वाढलेल्या माणसाला वाटतं, प्रत्येक गोष्ट जोर लावून समजते.

"अरे मास्तर," ते म्हणत (मी डब्याबरोबर पुस्तक उघडत असे, म्हणून मी मास्तर), "दुखण्यासंगं भांडू नये. ते पाहुनं हाय. त्याले बसाले पाट द्यावा, पानी द्यावं. मंग ते आपल्या पायानं जाते."

संगणकावर बसणाऱ्या लताताईंची जीभ फार तिखट. त्या म्हणत, "बाबूजी, तुमचं पाहुनं तर तीस वर्षांपासून मुक्कामाले हाय."

"मंग? पाहुनचार चांगला हाय आपला!"

एकदा नवे साहेब न सांगता दारात उभे राहिले. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. समोर आम्ही चौघं, म्हणजे बाबू, लताताई, शिपाई रशीदभाई आणि मी, डोळे मिटून आपापले खांदे पकडून बसलेलो. साहेबांना काय वाटलं असेल ते असो. बाबूंनी डोळे उघडले, रूळ उचलला आणि शांतपणे एका कोऱ्या कागदावर रेघा मारायला लागले. साहेब जाईपर्यंत त्यांनी चाळीसेक रेघा मारल्या असतील. तो कागद रशीदभाईंनी पुष्कळ दिवस जपून ठेवला होता.

सगळ्या अंगावर बाबूंचा हात चाले. एकच जागा सोडून. पाठीत, डाव्या खांद्याचा फरा आणि कणा यांच्यामध्ये, चार बोटं रुंद. हात वरून घातला तर बोटं अलीकडे थांबत, खालून घातला तर पलीकडे. रूळही तिथं वळत नसे. शेतातला जो तुकडा पेरता येत नाही, खडक किंवा नाला, त्याला आमच्या नोंदीत पोटखराब म्हणतात. "ही माही पोटखराब," बाबू सांगत. "माह्याच नावावर हाय, पन मलेच जाता येत नाई."

त्यावर त्यांनी तोड काढली होती. जुन्या नोंदींच्या खोलीची सागवानी चौकट. चारला आमचे खांदे झाले की ते उठत, चौकटीच्या कडेला पाठ लावून उभे राहत आणि सावकाश वरखाली होत. इतकी वर्षं तिथं घासून चौकटीचा रंग गेला होता आणि आतलं लाकूड तेल पाजल्यासारखं चमकत होतं.

"आमच्या गोठ्यात असाच एक खांब हाय, बाबूजी," लताताई म्हणत. "पन तिथली म्हैस दूध तरी देते."

"म्याबी देतो. दिवसाच्या बारा नकला."

रशीदभाई कनवाळू माणूस. ते म्हणत, "लाओ बाबूजी, दो मिनिट दबा देता मैं." पण बाबू हसून नको म्हणत. "आपल्या दुखण्याचा दुसऱ्याले काऊन तरास?" अंगात ताप असो, पाठ धरलेली असो, उत्तर ठरलेलं. दुसऱ्या कोणाचा हात त्यांनी आपल्या पाठीला कधी लागू दिला नाही. पुढं पुढं आमच्या तिघांत त्यावर चहाची पैज लागली, की त्या चार बोटांवर पहिला हात कोणाचा पडतो. पैज लावताना आम्ही फार हसलो होतो. ते हसणं मला आता आठवतं तेव्हा बरं वाटत नाही.

पण आधी बस्त्याची गोष्ट सांगायला हवी.

बाबूंना एकदा शोध लागला, की बस्त्याच्या लाल कापडाची जी जाड गाठ असते, ती खुर्चीत बरोबर उंचीवर ठेवून टेकलं तर पोटखराबीवर दाब येतो. त्यांनी फाटक्या, निकामी वह्यांचा एक बस्ता खुर्चीत पाठीशी उभा केला. चौकटीकडे जाणं कमी झालं. महिनाभर ते अगदी सुखात होते.

त्याच सुमारास एक म्हातारी नक्कल मागायला आली, अमडापूरच्या पलीकडल्या खेड्यातली. तिच्या गावाचा बस्ता मांडणीवर नव्हता. आम्ही शोधायला लागलो. शोधाचे पुढारी अर्थातच बाबू. मांडण्या उलट्यापालट्या झाल्या, रशीदभाई शिडीवर, मी जमिनीवर, सगळ्यांच्या नाकात धूळ. म्हातारी बाकावर बसून पाहत होती. बाबू दमले की खुर्चीत येऊन टेकत, डोळे मिटून पाठ घासत आणि म्हणत, "जाईन कुठी? हाय इथीच कुठीतरी." आणि पुन्हा उठत. म्हातारी संध्याकाळच्या गाडीनं गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा तशीच गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लताताई बाबूंच्या टेबलाशी आल्या आणि थबकल्या.

"बाबूजी, जरा उठता का?"

"काऊन?"

"तुमच्या पाठीले एक गाव चिकटलं हाय."

निकामी बस्ता मांडणीवरच पडला होता. घाईघाईत बाबूंनी त्याच्या शेजारचा उचलला होता. आम्हाला हसू आवरेना. रशीदभाई तर शिडीवरून उतरून खालीच बसले. बाबू मात्र हसले नाहीत. त्यांनी बस्ता सोडला, वही काढली आणि स्वतः नक्कल लिहायला बसले. त्या दिवशी साडेअकराला रूळ आपटला नाही, दोनला नाही, चारलाही नाही. संध्याकाळी एसटीनं ते आपल्या गावी उतरले नाहीत, पुढं गेले आणि म्हातारीच्या घरी जाऊन नक्कल देऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्या खरं सांगून देलं. म्हनलं, बाई, तुही जमीन महिनाभर माह्या पाठीखाली होती." बाबूंनी पेनाला टोपण लावलं. "म्हने, बरं झालं बाबू. तेवढाच कोनाले तरी आराम भेटला. आमाले तं तिनं कधी देला नाई."

त्यानंतर त्यांनी बस्त्याला पाठ लावली नाही. चार वाजता पुन्हा चौकट.

आता माझी गोष्ट. मला ती लिहायला जड जातं.

हिवाळ्यातली दुपार होती. बाबू खाली मान घालून नक्कल ताडत होते. पाठ दुखत असावी, कारण मधून मधून खांदा उडवत होते. मी त्यांच्या मागून कपाटाकडे चाललो होतो. समोरून लताताईंनी भुवई उंचावली, रशीदभाईंनी चहाचा रिकामा कप हवेत धरून दाखवला. मी तसा कधी कोणाची चेष्टा न करणारा माणूस. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी पुढं झालो आणि बाबूंच्या पाठीतल्या त्या जागेवर अंगठा ठेवला.

ते असे उसळले की खुर्ची पडली.

"हात काढ!"

तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तो कार्यालयातला आवाजच नव्हता. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावून पाहायला लागली. बाबूंनी खाली वाकून स्वतःच खुर्ची उभी केली, बसले आणि ज्या ओळीवर होते त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. चार वाजले, आम्ही तिघं रुळाकडे पाहत राहिलो. तो हलला नाही.

पुढचे चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी माफी मागितली, तर "चालते" म्हणाले. आमच्याकडे 'चालते' म्हणजे चालत नाही.

पाचव्या दिवशी मी बसस्टँडवर देऊळघाटकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. देऊळघाट माझं गाव. पलीकडच्या बाकावरून बाबूंनी हाक मारली. "मास्तर, इकडं ये. बस." मी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या फलाटाकडे पाहत बोलत राहिले.

"माह्या बापाची मान धरली होती. पोते वाहून. तवा आमी दुसऱ्या गावात राहत होतो. गावाचं नाव नाई सांगत, तुह्या वळखीचं निघालं तं तुह्या जिवाले लागन. तिथी एक जन नस बसवे. लय चांगला हात. दुरून दुरून लोक येत. बापाले घेऊन माय गेली, म्या संगं. तिसरीत होतो मी."

"मग?"

"त्यानं बापाले अंगनाच्या बाहेर बसवलं. पाठ आपल्याकडं करून. अन् एक लांब काठी घेतली. काठीच्या टोकानं जागा दाखवे. इथी दाब. आता इथी. आता जरा खाली. बाप आपल्याच हातानं आपल्याले दाबे. मानूस वाईट नव्हता, मास्तर. बरोब्बर जागा दाखवे. अर्धा घंटा उन्हात उभा राह्यला आमच्यासाठी. फक्त हात लावत नव्हता."

एक गाडी आली, लोक धावले, गाडी गेली. ती माझी होती. मी उठलो नाही.

"मंग एक जागा आली, तिथी बापाचा हात पोचे ना. वरून नाई, खालून नाई. त्यानं काठीनंच दाबली. जोरात. मले वाटलं बाप रडून राह्यला. समोर जाऊन पाह्यलं तं हासत होता. मले म्हने, सुख्या, सगळ्या जागा पाठ कर. आपल्याले इथी परत याचं काम नाई."

बाबूंनी आपले मोठाले अंगठे एकमेकांवर घासले.

"म्या पाठ केल्या. बापानं आमच्या आळीतल्या लोकायले शिकवल्या, म्या तुमाले शिकवल्या. तेवढी एक जागा राह्यली. काठी बापाले लागली होती, पन दुखते मले. तुह्या काकूलेबी तिथी हात लावू देला नाई. तुहा राग नाई, मास्तर. पाठीमागून आला ना तू, म्हनून."

आमच्या घरी ओसरीच्या कोनाड्यात बिनकानाचा एक कप वेगळा ठेवलेला असे. शेतावर येणाऱ्या कोणासाठी तरी. लहानपणी मी तो रोज पाहत असे. कोणासाठी, असं मी कधी विचारलं नव्हतं, कारण मला माहीत होतं. ते मी त्या बाकावर बाबूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी एखादी ओळ ताडून बरोबर निघाली की हलवत.

"हाव. आमच्या गावातल्या तसल्या कपाले कान असे," ते म्हणाले. "तुमच्याकडचे लोक जरा कंजूस दिसतात."

आणि मग आपली गाडी येताना पाहून उठता उठता, "पैज काय होती बे?"

मी वरमलो. "चहाची."

"एक चहा?" ते खरोखर दुखावल्यासारखे दिसले. "माह्या पाठीचा भाव एक चहा? लेकहो, पोहे तरी लावाचे!"

दुसऱ्या दिवशी साडेअकराला रूळ दोनदा आपटला. लताताईंनी मान खाली घालून डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या की धूळ फार झाली आहे. पैज कोणी पुन्हा काढली नाही.

बाबू निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर आम्ही त्यांना एक बॅटरीवर चालणारं मालिशचं यंत्र दिलं. त्यांनी ते चालू केलं, कानाशी नेलं, थोडा वेळ ऐकलं. "हे कोनाशी भांडून राह्यलं?" म्हणाले आणि रशीदभाईंना देऊन टाकलं. रूळ मात्र पिशवीत घालून नेला. रूळ सरकारी होता. नोंदवहीत तो 'निकामी' म्हणून लिहिण्याचा मान मला मिळाला.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी रशीदभाई सांगत आले, की बाबूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

मी अमडापूरला गेलो. बाबू ओसरीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर मेलेला पडला होता आणि डावा हात त्यावरून रूळ फिरवत होता, कोपरापासून मनगटापर्यंत. बोलणं जड झालं होतं. शब्द उशिरा येत, पण येत बाबूंचेच.

"हा हात आता पाहुना झाला, मास्तर. याले बसाले पाट देऊन राह्यलो."

काकू आतून पाणी घेऊन आल्या. "दिवसभर हेच चालते. साडेअकरा, दोन अन् चार. मी म्हनतो, पाठीले तेल लावून देतो, तं नाई. घरात दोन धडधाकट हात हायेत, पन यायले आपलाच पाह्यजे. तो गेला, तरी त्याचाच."

काकू आत गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते. मी लताताईंचं, रशीदभाईंचं, नव्या साहेबांचं काहीबाही सांगत होतो. ते ऐकत होते, पण पाठ उशीवर हळूहळू सरकवत होते, कापसावर. कापसाला कड नसते.

"पोटखराब लय दुखते," ते एकदम म्हणाले.

मी घड्याळाकडे पाहिलं.

"चौकट उभं राह्यल्याशिवाय लागत नाई." त्यांनी रूळ बाजूला ठेवला. "ये. पन पाठीमागं जाऊ नको. समोरून ये."

मी खाटेवर त्यांच्या समोर बसलो. त्यांनी आपलं कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं आणि मी हात त्यांच्या खांद्यावरून पाठीत नेला. अंगाला तेलाचा आणि औषधाचा वास येत होता.

"वर. अजून वर. डावीकडं. तेवढं नाई, लेका, तिकडं दुसऱ्याची हद्द हाय. हं. आता खाली... तिथी."

तिथं खरंच एक गाठ होती, सुपारीएवढी, कडक. मी अंगठा ठेवला. ते ताठ झाले. मला वाटलं, आता हात झटकतील. मी भांडलो नाही, नुसता दाब ठेवून बसलो, तीन श्वास, पुन्हा तीन श्वास. हळूहळू त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं.

"सोडू नको," ते माझ्या शर्टात पुटपुटले. "सोडलं का पयते."

किती वेळ गेला माहीत नाही. माझा अंगठा बधिर झाला होता. मान वर केली तर काकू दारात उभ्या होत्या, हातात चहा, आणि चहावर साय धरली होती.

बाबूंनी डोळे उघडले, त्यांना पाहिलं, मग कप पाहिला. "रशीदले सांग," ते म्हणाले. "पैज तू जिंकला. पन आता चहावर भागत नाई."

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "मले दाखवा ती जागा. कुठी हाय ते." मी संकोचून माझ्याच पाठीत हात वळवून त्यांना दाखवायला गेलो आणि माझाही हात तिथं पोचला नाही. मग फाटकाच्या खांबावर बोटं मोजून दाखवलं, इतकं खाली, इतकं डावीकडे. पुढच्या खेपेला गेलो तर काकू बाबूंच्या समोर बसून पाठ दाबत होत्या आणि बाबू त्यांना हद्द समजावत होते. मी पुढं झालो तर काकू म्हणाल्या, "तुमी राहू द्या. तुमचा हात अजून कच्चा हाय." बाबूंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

असे चार महिने मिळाले. थंडी सरत आली तेव्हा बाबू गेले, झोपेत. रशीदभाईंनी आणि मी खांदा दिला. तिरडी उचलताना माझे खांदे कानाला चिकटले आहेत हे माझ्या लक्षात आलं. मी ते खाली घेतले.

काही दिवसांनी धीर करून मी काकूंकडे रूळ मागितला. आठवण म्हणून. त्यांनी तो आतून आणला, हातात फिरवला आणि स्वच्छ सांगितलं, "नाई देत, भाऊ. मायी टाच दुखते." बाबूंना हे फार आवडलं असतं.

यंदा आमच्या कार्यालयाला रंग दिला. रंगारी जुन्या नोंदींच्या खोलीपाशी आला, चौकटीवरच्या त्या चमकत्या जागेवर हात फिरवून म्हणाला, "इथी लाकूड झिजलं साहेब, पुट्टी भरून एकसारखं करून देतो." रशीदभाई हातातला झाडू टाकून पुढं आले आणि चौकटीला पाठ लावून उभे राहिले. ते हलले नाहीत. सगळी चौकट नव्या रंगाची झाली. तेवढी चार बोटांची जागा तशीच आहे.

माझ्या टेबलावर रूळ नाही, म्हणून चारला मी पेनानंच दोनदा वाजवतो. लताताई खांदा धरतात. संगणकावर नुकतीच आलेली एक मुलगी हसते, मग तीही धरते. त्यानंतर मी उठून चौकटीशी जातो. बाबू माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणे होते. तिथं पाठ टेकायची तर मला गुडघे वाकवावे लागतात.

मी वाकवतो.